चेरी श्रिंप, कात आणि टँकरचे पाणी : डिसेंबर ते ऑगस्टच्या नोंदी

पुण्यातील आमच्या घरी 2 फूट लांबीच्या, साधारण 55 लिटर पाण्याच्या टँकमध्ये मी डिसेंबरमध्ये 15 चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातील छोटी लाल कोळंबी) सोडले. त्याआधी सहा आठवडे टँक केवळ स्पंज फिल्टर, जावा मॉस आणि देशी बदामाची वाळलेली पाने यांवर चालवला होता, आणि अमोनिया व नायट्राइट (घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्ये) दोन्ही सलग दहा दिवस शून्य आल्यावरच श्रिंप आणले. त्या सहा आठवड्यांत काचेवर आणि पानांवर जो बुळबुळीत थर धरतो, तेच पिल्लांचे पहिले अन्न असल्यामुळे ही प्रतीक्षा मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका मादीच्या पाठीवर पिवळसर खोगीर (अंडाशयात तयार होणाऱ्या अंड्यांचा डाग) दिसू लागले, आणि तिने कात टाकल्याच्या रात्री सगळे नर तिच्या शोधात टँकभर वेड्यासारखे पोहत होते. दुसऱ्या दिवशी अंडी पोटाखाली आलेली होती. पाणी 22 अंशांवर असल्याने पिल्ले बाहेर पडण्यास 33 दिवस लागले. या संपूर्ण काळात ती मादी पोटाखालच्या पायांनी अंड्यांना सतत वारा घालत होती, आणि शेवटच्या चार दिवसांत भिंगातून पिल्लांचे काळे डोळे स्पष्ट दिसत होते. अमानो या दुसऱ्या जातीच्या श्रिंपच्या अळ्यांना वाढण्यासाठी खारट पाणी लागते; चेरीचे पिल्लू मात्र जन्मतःच आईची दोन मिलिमीटरची प्रतिकृती असते. म्हणूनच घरात पैदास करण्याची इच्छा असलेल्यांना मी नेहमी चेरीच सुचवतो.

मार्चमध्ये मात्र अकरा दिवसांत नऊ श्रिंप गेले. त्यांपैकी सात जणांच्या पाठीचे कवच आणि शेपटीकडचा भाग यांच्या सांध्यावर पांढरे कडे उमटले होते, म्हणजे जुनी कात आडवी फाटली होती, पण तिच्यातून त्यांना बाहेर पडता आले नव्हते. अमोनिया शून्य, तापमान 27 अंश आणि खाणे नेहमीचेच असल्यामुळे प्रथम कारण सापडेना. शेवटी टँकऐवजी नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) मोजला तेव्हा उलगडा झाला. खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे पाणी माझ्या नोंदींत कायम 110 च्या आसपास असे. त्या दिवशी नळाला 460 आला. उन्हाळा सुरू होताच सोसायटीच्या टाकीत बोअरवेलच्या टँकरचे पाणी मिसळू लागले होते, आणि मी दर रविवारी 30 टक्के पाणी नेहमीप्रमाणे बदलत होतो. एकाच बदलात टँकचा टीडीएस 180 वरून 264 वर गेला होता आणि पुढच्या रविवारी टँकर न आल्याने पुन्हा 218 वर उतरला होता. वहीतील तारखा जुळवल्यावर जवळपास सर्व मृत्यू पाणी बदलल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच झाल्याचे दिसले.

श्रिंप कात टाकताना अंगात पाणी ओढून घेतो, जुने कवच त्या दाबाने सांध्यावर फुटते आणि नवे कवच टणक होण्यासाठी त्याला पाण्यातील कॅल्शियम लागते. म्हणून केवळ टीडीएस पाहून भागत नाही. एका मित्राच्या इमारतीत पाणी मृदू करणारे यंत्र बसवलेले असल्याने तेथे टीडीएस भरपूर असूनही जीएच (कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कठीणपणा) जवळजवळ शून्य येतो, कारण ते यंत्र कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देते. थेंबांचा जीएच संच प्रत्येकाने जवळ ठेवावा. मी आता टँकचा जीएच 6 ते 8 च्या दरम्यान ठेवतो.

तेव्हापासून महापालिकेचे पाणी 50 लिटरच्या पिंपात साठवून, टीडीएस तपासून, आठवड्याला फक्त 5 लिटर बदलतो. हवेच्या नळीला गाठ मारून सेकंदाला तीन-चार थेंब पडतील असे ठेवले, की ते पाणी सात-आठ तासांत उतरते. एप्रिलपासून पांढऱ्या कड्याचा एकच मृत्यू नोंदला आहे.

मे महिन्यात पाणी 33 अंशांवर गेले आणि दोन माद्यांनी अंडी टाकून दिली. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यावर तापमान 29 वर आले, परंतु त्यामुळे दिवसाला सुमारे लिटरभर पाणी उडते आणि क्षार मात्र मागेच राहतात. पहिले दोन आठवडे मी भर घालण्यास पिंपातलेच पाणी वापरले आणि टीडीएस 190 वरून 220 वर चढला. आता उडालेल्या पाण्याची भर घरातील आरओच्या पाण्यानेच घालतो. बदलासाठी पिंपातले पाणी आणि भरीसाठी आरओ हा भेद मी काटेकोरपणे पाळतो.

पावसाळ्यात संख्या झपाट्याने वाढली. गेल्या रविवारी मॉस हलवून मोजले तेव्हा लहानमोठे मिळून 120 च्या वर होते आणि आठ माद्या अंड्यांवर होत्या. पारदर्शक पायांचे फिके श्रिंप वेगळ्या बरणीत काढले आहेत. निळे श्रिंप मिळत असूनही या टँकमध्ये आणले नाहीत, कारण रंगांचा संकर झाला की काही पिढ्यांत मूळ तपकिरी रंग परत येतो. पुढच्या महिन्यात गडद लाल पायांच्या सहा माद्या आणि तीन नर दुसऱ्या टँकमध्ये हलवीन. त्या टँकचा स्पंज फिल्टर, त्यात उपयुक्त जिवाणू वाढावेत म्हणून, सध्या याच टँकच्या कोपऱ्यात पिकत ठेवला आहे.