आमची वाटचाल : पुसल्या गेलेल्या कोडची गोष्ट

इंदूरला सांवेर रोडवर शेव-मिक्श्चर भरणाऱ्यांच्या पाऊच मशीनवर कोडर (पाकिटावर तारीख-पाळीचा कोड छापणारे यंत्र) बसवायचे, रबरी ठसे आणि शाईचे रोल पुरवायचे, एवढ्यावर धंदा सुरू झाला. ठशावरचा आकडा उलटा असतो, चिमट्याने खाचेत बसवावा लागतो; घाईत ६ चा ९ होतो. म्हणून दोघांच्या डब्या वेगळ्या.

कोड ठरवूनही आम्हीच देत आलो. 'एस ५ २२७ ३ बी' म्हणजे सांवेर रोडचा कारखाना, २०२५ साल, २२७ वा दिवस (१५ ऑगस्ट), तिसरे मशीन, दुसरी पाळी. लीप वर्षात भिंतीवर दिवसांच्या क्रमांकांचा साध्या वर्षाचा जुनाच तक्ता राहिला, तर १ मार्चपासून सगळा माल एक दिवस मागे. आय आणि ओ ही अक्षरे कोणालाच देत नाही, ती १ आणि ० वाचली जातात. रात्रपाळीत दिवसाचा आकडा रात्री बाराला बदलायचा की पाळी सुरू होताना, हेही एकदाच ठरवून टाकावे.

दुकान बंद व्हायची वेळ आली ती एका शेवेच्या पाकिटामुळे. तेलकट अंगठा फिरवला की कोड गायब! माल परत आला. आमच्याच धंद्यातले एक गृहस्थ 'यांचे आकडे तेलात पोहतात' म्हणत रोडभर फिरले. आम्ही शाईचे तीन रोल बदलले. कोडरची उष्णता १३० वरून १५० अंशांवर नेली, तर पाकिटाची प्लास्टिक फिल्मच आकसली. शेवटी ३८ डाइनचे पेन (फिल्म शाई धरेल का, ते दाखवणारे) फिरवून पाहिले : रेघ बसेना, थेंब थेंब झाली. छपाई तीच, चकाकी तीच, पण फिल्मवाल्याने बाहेरचा पीईटीचा (पॉलिएस्टरचा) थर काढून बीओपीपी (पॉलिप्रॉपिलीन) लावला होता, आणि तोही बाहेरून कोरोना ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर करायची विजेची प्रक्रिया) न केलेला. त्यावर शाई धरणार कशी? चूक त्याने आजतागायत कबूल केलेली नाही. शेवेच्या कारखान्याच्या शेठांनी मात्र त्या महिन्यातही आमचे बिल अडवले नाही, चाचणीला मशीनही मोकळे ठेवले.

तेव्हा फिल्म घेताना बाहेरचा थर कोणता, ट्रीटमेंट कोणत्या बाजूला, हे बिलावर लिहून घ्या. फिल्मचा नवा रोल आला की आधी दहा पाकिटे छापा, बोटाला तेल लावून घासा.

पुढे जेट प्रिंटर (नोझलमधून शाईचे थेंब उडवून छापणारे) आले, त्यांची कथा निराळी. मे महिन्यात मेक-अप (शाई पातळ ठेवणारा द्रव) झपाट्याने उडतो, शाई घट्ट होते. आणि मशीन बंद करताना प्लग ओढू नका हो, नोझल धुऊन होईपर्यंत थांबा. सकाळी सहाला फोन येतात ते त्याचेच.