किमान दर आणि किमान दराची ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या प्रत्येक लॉटला सौद्यात वेगळा दर मिळतो. तारीख, वाण, अडत्या आणि क्विंटलचा दर असे रकाने असलेले त्या सौद्यांचे टेबल डोळ्यांपुढे ठेवू. राजापुरीला आणि सेलमला कमीत कमी काय दर मिळाला, एवढेच विचारायचे असेल तर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत ‘ग्रुप बाय वाण’ (वाणानुसार गट) आणि ‘मिन’ (किमान) पुरेसे आहे. शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न मात्र तो लॉट कोणत्या अडत्याकडचा होता असा असतो, आणि गट केल्यावर प्रत्येक वाणाची एकच ओळ उरत असल्याने तिथे ग्रुप बाय अपुरे पडते. अडत्याचा रकाना तसाच सिलेक्टमध्ये, म्हणजे दाखवायच्या रकान्यांच्या यादीत, घातला तर ओरॅकल हा डेटाबेस ती क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नाकारतो, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ५.७ पूर्वीच्या आवृत्त्या मात्र मूळ सेटिंगवर ती चालवत आणि गटातल्या कोणत्याही ओळीतले नाव दाखवत. चुकीचे नाव बिनतक्रार छापून येण्यापेक्षा एरर आलेला केव्हाही बरा.

‘मिन(दर) ओव्हर (पार्टिशन बाय वाण)’ असे लिहिले की सगळ्या ओळी जागेवर राहतात आणि प्रत्येकीशेजारी तिच्या वाणाचा किमान दर येतो. ‘ओव्हर’ लावलेल्या अशा फंक्शनला विंडो फंक्शन म्हणतात. ही सोय पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २००९ साली ८.४ आवृत्तीत आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ साली ८.० आवृत्तीत आली. ओळी गाळणाऱ्या ‘व्हेअर’ची गाळणी विंडो फंक्शनच्या आधी लागत असल्याने दर आणि किमान दर यांची तुलना बाहेरच्या क्वेरीत करावी लागते. त्याच कंसात ‘ऑर्डर बाय तारीख’ घातले, तर उत्तर पूर्ण गटाचे न राहता त्या तारखेपर्यंतचे किमान होते.

किमान दराची ओळ दरांना चढत्या क्रमाने क्रमांक देऊन पहिला क्रमांक निवडूनही मिळते, आणि त्यासाठी ‘रो_नंबर’ आणि ‘रँक’ ही विंडो फंक्शने आहेत. दोन लॉट एकाच किमान दराला गेले असतील तर ‘रो_नंबर’ त्यांतल्या एकालाच पहिला क्रमांक देते, तर ‘रँक’ दोघांनाही पहिला क्रमांक देते. बाजाराच्या हिशेबात दुसरा अडत्या गाळण्याचा अधिकार क्वेरीला नाही, म्हणून मी रँक वापरतो.

त्यातही सौदा न झालेल्या लॉटकडे नीट पाहावे. त्याचा दर नल, म्हणजे रिकामा, असेल तर ‘मिन’ तो आपोआप वगळते. पण रँकसाठी दर चढत्या क्रमाने लावले की मायएसक्यूएल नल सर्वांत आधी ठेवते, तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल सर्वांत शेवटी. त्यामुळे एकच क्वेरी एकीकडे बरोबर लॉट देते, तर दुसरीकडे न विकलेला. आतल्या क्वेरीत ‘दर इज नॉट नल’ (दर रिकामा नसावा) ही अट घातली की हा फरक राहत नाही.