नकाशावरचं हिरवं वर्तुळ

रस्ता रुंद होणार असला की आधी दोन गोष्टी दिसू लागतात. एक, कोपऱ्यावरचा फलक, काम झाल्यावर रस्ता कसा दिसेल याच्या रंगीत चित्रासह. आणि दोन, झाडांच्या बुंध्यांवर रंगाने घातलेले आकडे. चित्रात झाडं भरपूर असतात, पण आकडे घातलेल्यांपैकी त्यात एकही नसतं. चित्रातली सगळी एका उंचीची, एका घेराची. त्यांच्याखालून माणसं हसत चाललेली असतात आणि सावली मात्र कुणाच्याच अंगावर पडत नाही.

आराखड्यात झाड म्हणजे एक हिरवं वर्तुळ आणि मधोमध ठिपका. माझं भांडण आहे ते या वर्तुळाशी. ते फांद्यांचं असतं, डोळ्यांना दिसणाऱ्या झाडाचं. जमिनीखालचं झाड त्यात धरलेलंच नसतं.

मुळं खोल खोल जातात ही आपली शाळेतल्या चित्रांमुळे झालेली समजूत. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात, कारण हवा आणि पाणी तिथेच मिळतं. ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही बरीच पलीकडे. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये २०१२ सालचं एक मानक आहे. त्याचा हिशेब कुणालाही जमेल असा आहे : जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याला बाराने गुणायचं आणि तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात कुंपण घालून काम संपेपर्यंत कुणाला शिरू द्यायचं नाही. खोड अर्धा मीटर जाड असेल तर त्रिज्या सहा मीटर, म्हणजे साधारण ११३ चौरस मीटर जमीन. तीन खोल्यांचं घर आरामात बसेल एवढी. आणि आपण बुंध्याभोवती हातभर माती मोकळी सोडून, बाकी सगळं काँक्रीटने लिंपून, झाड वाचवलं म्हणून फोटो काढतो.

अशा ‘वाचवलेल्या’ झाडाजवळ केबलचा चर खणताना कधी थांबून बघा. जेसीबीचं खोरं मूळ कापत नाही, हिसकून तोडतं. चराच्या भिंतीतून मनगटाएवढं मूळ बाहेर आलेलं असतं, साल लोंबतेय, आतलं लाकूड पांढरंफेक आणि ओलं. दुसऱ्या दिवशी ते तपकिरी पडतं, तिसऱ्या दिवशी त्यावर खडी. झाड बोंबलत नाही हीच पंचाईत. पुढच्या हंगामात त्याला पालवीसुद्धा फुटते, साठवणीतल्या अन्नावर. शेंडे वाळायला लागतात ते दोन-चार वर्षांनी. मग एखाद्या वादळी रात्री ते आडवं होतं आणि कारण लिहिलं जातं, सोसाट्याचा वारा. ठेकेदाराचं बिल तोवर कधीच चुकतं झालेलं असतं.

‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ हे वाक्य तर तोंडपाठ झालंय. दहा हा आकडा कुठून आला कोण जाणे, ऐकायला भारदस्त वाटतो एवढं खरं. शिकागोतल्या झाडांचा डेव्हिड नोवाक यांनी केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७७ सेंटिमीटरहून जाड खोडाचं निरोगी झाड, ८ सेंटिमीटरहून बारीक झाडाच्या सुमारे ७० पट प्रदूषण हवेतून काढून घेतं असं दिसलं. लावलेली दहाच्या दहा रोपं जगली असं मोठ्या मनाने धरलं तरी दहात सत्तर कसे बसवायचे? शिवाय ती रोपं लागतात शहराबाहेर कुठेतरी, आणि ऊन लागतं ते इथल्या बसथांब्यावर. झाड उचलून दुसरीकडे लावतात त्याबद्दल फार बोलत नाही. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बरीचशी जुन्याच जागी राहून जातात, मग ते नव्या जागी तगणार कशावर?

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराने २०१२ मध्ये रस्त्यांच्या देखभालीचा २५ वर्षांचा करार केला. त्यात रस्त्याकडेची १७,५०० झाडं काढून नवी लावायची असं चक्क लिहिलेलं होतं. साडेपाच हजारांच्या आसपास पडलीसुद्धा. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर पोलीस बंदोबस्तात पहाटेच्या अंधारात करवती चालल्या आणि निवृत्तीच्या वयाच्या बायकांना अटक झाली. २०१८ मध्ये तोड थांबली. मग एकेक झाड नीट तपासलं तेव्हा कळलं, कडेचा दगड जरा सरकवून किंवा पदपथाला लवचीक थर देऊन त्यातली कित्येक राहू शकतात. २०२३ मध्ये चौकशीचा अहवाल आला, नगरपालिकेने माफी मागितली.

पूल नको, मेट्रो नको असं माझं म्हणणं नाही. आतून पोखरलेलं, रस्त्यावर कललेलं झाड काढावंच लागतं, तिथे भावनेचा उपयोग नाही. राग येतो तो क्रमाचा. आधी रस्त्याची रेघ ठरते, निविदा निघते, आणि मग झाडांबद्दल हरकती मागवतात. तेव्हा साहेब म्हणतात, आता आराखडा बदलता येत नाही. ते खोटं बोलत नसतात, खरंच येत नसतो.

म्हणून मागणी करायची ती मोजणीच्या वेळी. कोऱ्या नकाशावर आधी मुळांची वर्तुळं, मग रस्ता. जिथे वर्तुळ ओलांडावंच लागेल तिथे मुळांखालून आडवं भोक पाडून केबल नेता येते, हवेच्या झोताने माती उडवून मुळं न तोडता उघडी करणारं यंत्रही मिळतं. आणि करारात एक ओळ वाढवायची : काम संपल्यावर पाच वर्षं झाड जगलं तरच ठेकेदाराची अनामत परत. मग बघा, खोरं चालवणाऱ्याच्या शेजारी ठेकेदार स्वतः छत्री घेऊन उभा राहील आणि दर मिनिटाला ओरडेल, ‘अरे बाबा, हळू, मूळ आहे तिथे!’