तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड चालू, स्क्रीन काळी

"बोर्डला पॉवर दिली, लाल दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. सुरुवात कुठून करू?" रास्पबेरी पायसारख्या छोट्या, एकाच बोर्डावरच्या लिनक्स संगणकांबद्दल हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. आधी स्क्रीन बाजूला ठेवा आणि बोर्डाचा सीरियल पोर्ट, म्हणजे संदेश ओळीओळीने बाहेर पाठवणारा साधा पोर्ट, अडॅप्टरने आपल्या संगणकाला जोडा.

स्क्रीनवर काही उमटेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. सीरियल पोर्ट त्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतो. वायरी तीनच: आपला टीएक्स (पाठवणारी पिन) बोर्डाच्या आरएक्सला (घेणारी पिन), बोर्डाचा टीएक्स आपल्या आरएक्सला, आणि ग्राउंड. रास्पबेरी पायवर ग्राउंड पिन ६, टीएक्स ८ आणि आरएक्स १०. अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टने पिन जळू शकते. अक्षरांऐवजी कचरा आला तर बॉड रेट, म्हणजे सीरियलचा वेग, तपासा. बहुतेक ठिकाणी तो ११५२००, रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या बोर्डांवर बहुधा १५०००००. आणि पॉवर काढूनही दिवा मिणमिणत राहिला, तर सीरियलच्या वायरीतून बोर्डात वीज शिरते आहे. अशा वेळी तो पुरता बंदच होत नाही, म्हणून वायर काढून मग पुन्हा सुरू करा.

एकदा माझ्याकडे यू-बूट या बूटलोडरची (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) "स्टार्टिंग कर्नल" ही ओळ यायची आणि पुढे शुकशुकाट. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथेच कोसळतो असं धरून मी दोन दिवस त्यातच शोधत बसलो. शेवटी बूट आर्ग्युमेंटमध्ये (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचनांत) अर्लीकॉन, म्हणजे कर्नलला अगदी सुरुवातीपासून बोलायला लावणारा पर्याय, घातला आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या. कर्नल ठणठणीत होता! कन्सोल म्हणून, म्हणजे संदेश जिथे जायचे तो सीरियल पोर्ट म्हणून, टीटीवायएस० लिहिलेलं, आणि माझ्या वायरी टीटीवायएस२ वर.

ते दुरुस्त केल्यावर खरं दुखणं दिसलं. कर्नल रूट डिव्हाइसची, म्हणजे बाकीची सिस्टिम ज्यावर असते त्या एसडी कार्डाची, वाट बघत थांबला होता. बूटलोडरला एसडी कार्ड वाचता येत होतं, त्यामुळे कार्डाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. कार्डाला वीज देणाऱ्या रेग्युलेटरचा ड्रायव्हर मी मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल म्हणून, बांधला होता, आणि ते मॉड्यूल होतं त्याच कार्डावर. कार्ड उघडायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर मिळवायला कार्ड. इनिटरामएफएस (असे ड्रायव्हर कर्नलसोबतच मेमरीत आणणारी छोटी फाइलसिस्टिम) मी वापरत नव्हतो, म्हणून तो ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधला आणि लॉगिन आलं.

नुसत्या शेवटच्या ओळीवरून यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून तुमचा बोर्ड अडला असेल तर मला पॉवर दिल्यापासूनचा अख्खा लॉग पाठवा, वरच्या कंटाळवाण्या ओळींसकट.