सलाईन लावता येतं, पण लावायचं नाही

परवा नाइट ड्युटीत औषधांच्या खोलीत गेले, तर लातूरची नवी मुलगी फ्रीजकडे तोंड करून रडत होती. तिला इंग्लंडात येऊन पाच आठवडे झालेत. "ताई, मी तिकडे आयसीयूत होते. इथे साधं इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावू देत नाहीत. मला काहीच येत नाही असं वाटायला लागलंय," म्हणाली. तिला चहा करून दिला आणि माझ्याच चार वर्षांपूर्वीच्या जखमेची खपली निघाली.

मी मिरजेत शिकले आणि तिथेच सहा वर्षं काढली. तान्ह्या बाळाच्या हातावर, लाइट गेलेली असताना, नातेवाइकाने धरलेल्या मोबाइलच्या उजेडात मी इंट्राकॅथ लावलं आहे. इथे आले तेव्हा सांगण्यात आलं की आधी एक दिवसाचं प्रशिक्षण, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली ठरावीक वेळा लावून दाखवायचं, प्रत्येक वेळी वहीत सही घ्यायची आणि मग परवानगी. त्या प्रशिक्षणाची तारीख मिळायला चार महिने लागले. चार महिने!

एका रात्री दोनच्या सुमारास ऐंशीच्या आजींना सलाईन लावायचं होतं. उलट्यांनी शिरा पार बसलेल्या. ज्युनिअर डॉक्टरने दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर निसटली. आजी डोळे मिटून गप्प पडलेल्या, मी त्यांचा दुसरा हात धरून उभी. मला मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूची शीर दिसत होती. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "इथे बघा, आणि खालून कातडी ताणून धरा." तिसऱ्यांदा लागलं. त्या मुलाने मनापासून आभार मानले. पण घरी येऊन मी खूप रडले. माझे हात कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

आज नियमामागचं कारण कळतं. इथे एनएमसीच्या, म्हणजे नर्सेसची नोंदणी ठेवणाऱ्या इथल्या कौन्सिलच्या, नोंदणीचा पिन (नोंदणी क्रमांक) मिळाला की प्रत्येक सुईचा जबाब तुम्हाला स्वतः द्यावा लागतो, 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केलं' हे चालत नाही. हे मला पटलं आहे. चार महिने मात्र अजून पटलेले नाहीत. मिरजेतली सहा वर्षं ही सहा वर्षंच होती, त्यांची किंमत शून्य धरण्याचा अधिकार कुणाला नाही. म्हणून नव्या मुलींना सांगते, पहिल्याच आठवड्यात मॅनेजरकडून प्रशिक्षणाची तारीख लिहून घ्या, आणि तिकडून निघताना अनुभवाचा दाखला कामाच्या तपशिलासह आणा. वाट बघत बसू नका.

पण त्याच चार महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली. तीही तितक्याच खरेपणाने सांगायला हवी.

आमच्या वॉर्डात साठीला आलेल्या एक हेल्थकेअर असिस्टंट आहेत. आपल्याकडच्या वॉर्डातल्या मावशी म्हणतो ना, तशाच माझ्या डोक्यात बसल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी एका पेशंटला "मी सिस्टर" अशी ओळख करून दिली. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "लव्ह, इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची इन्चार्ज. तू तुझं नाव सांग." कान तापले माझे. मावशींनी मला शिकवायचं?

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर एका आजोबांना अंथरुणातच आंघोळ घालायची होती. त्यांनी पाणी मनगटावर बघितलं. आजोबांचं अंग टॉवेलने झाकलेलंच ठेवून एकेक हात, एकेक पाय पुसला. सगळा वेळ फुटबॉलच्या गप्पा. पायाशी आल्यावर मोजा काढला, टाच उचलून उजेडात धरली. लाल चट्टा होता. बोटाने दाबला, सोडला. लाली गेली नाही. "ही बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात. पोटरीखाली उशी ठेव, टाच अधांतरी राहिली पाहिजे. आणि आत्ताच्या आत्ता लिहून ठेव," म्हणाल्या.

मी उभीच राहिले. सहा वर्षांच्या नोकरीत मी पेशंटच्या टाचा कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडच्या सिस्टर लक्ष देत नाहीत. अजिबात ऐकून घेणार नाही मी. नाइटला आम्ही दोघी आणि चाळीस पेशंट, त्यात दोन सिरीयस. इथे माझ्याकडे आठ असतात, तरी धावपळ होते. आंघोळ, बेडपॅन, भरवणं हे आपल्याकडे नातेवाईक आणि मावशी करतात, कारण सिस्टरला दुसरा इलाजच नसतो. पण ते काम आपलं नाही, खालचं आहे, हेही आम्ही त्याच्याबरोबरच शिकलो. ते इथे येऊन पुसावं लागलं.

सांगलीहून एका जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्या मुलीचा मेसेज आला. एजंट केअररच्या (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्याच्या) व्हिसासाठी काही लाख मागतोय, देऊ का? बाई गं, एक पैसा देऊ नकोस. परदेशातून नव्याने केअरर म्हणून येण्याची वाट 22 जुलै 2025 पासून बंद आहे. आणि नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं इथल्या एजन्सीला कायद्यानेच मना आहे. तू नर्स आहेस, नर्स म्हणूनच ये. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. ऑस्की ही प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा इथे येऊन द्यायची, त्यात दहा स्टेशन, म्हणजे दहा वेगवेगळी कामं, असतात. तिथे नाव, हातातली पट्टी आणि अ‍ॅलर्जी विचारायला विसरलीस तर बाकी कितीही छान केलंस तरी अडकशील. इथलं बोलणं कळलं नाही तर मान डोलावू नकोस, पुन्हा विचार. इथे प्रश्न विचारला म्हणून मला अजून कुणी ओरडलेलं नाही. आणि पहिल्या पगारापासून युनियनची सभासद हो.

एका बाबतीत मात्र मला या देशाचा खरोखर हेवा वाटतो. इथे असिस्टंटला केअर सर्टिफिकेट मिळतं. पुढे नोकरी करता करता दोन वर्षांत नर्सिंग असोसिएट (असिस्टंट आणि नर्स यांच्या मधली पायरी) होता येतं, त्याची एनएमसीकडे नोंदणी होते. मग आणखी शिकून नर्सही होता येतं. आमच्या त्या असिस्टंटबाईंची मुलगी याच वाटेने नर्स झाली. मिरजेच्या आमच्या मावशींनी एकाच वॉर्डात तीस वर्षं काढली. त्यांच्यासमोर अशी एकही पायरी कुणी ठेवली नाही.

गेल्या महिन्यात वॉर्डात एक पाकिस्तानी आजोबा होते. सावळी कातडी, तिच्यावर लाली दिसतच नाही. प्रशिक्षणात सांगतात की अशा वेळी हात लावून बघा, आसपासच्या कातडीपेक्षा गरम लागते का, कडक लागते का. ते ऐकताना मला एकदम मिरजेच्या मावशी आठवल्या. रात्री पाय चेपता चेपता त्या पेशंटची टाच तळहातात धरायच्या आणि न बोलता चादरीची घडी पोटरीखाली सरकवायच्या. मला वाटायचं, सवय असेल.

रविवारी त्यांना फोन लावला आणि विचारलं.

"अगं, टाच गरम लागती की हाताला," त्या म्हणाल्या. "मग ठेवायची उचलून. तुम्हा सिस्टरांना कुठला वेळ असायचा, म्हणून मीच बघायचे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिकडं पण बघतात व्हय टाचा?"