आपलेच पासवर्ड फोडून पाहताना: माझा अनुभव

पासवर्ड टाइप करताना खाली लाल-हिरवी होणारी पट्टी मी प्रमाण मानत नाही. बऱ्याचदा ती अक्षरं मोजते, एखादं चिन्ह आहे का बघते आणि मोकळी होते. फोडणारा मात्र आधी माणसांच्या सवयी तपासतो. म्हणून ही तपासणी मी त्याच्याच साधनांनी केली. सगळे हॅश (पासवर्डापासून गणिताने बनवलेले, उलटे न फिरवता येणारे ठसे) माझ्याच हाताने बनवलेले होते. दुसऱ्याची हॅश-फाइल हातात घ्यायची तर आधी लेखी परवानगी हवी; ती नसेल तर पुढची एकही पायरी करू नये.

साधन म्हणून हॅशकॅट घेतलं; ते एकेक अंदाज घेऊन त्याचा हॅश दिलेल्या हॅशशी जुळतो का बघतं. जॉन द रिपरनेही हेच काम होतं. खरी अडचण साधन चालवण्याआधीच येते. पहिल्याच चाचणीत '१२३४५६' हा पासवर्ड सापडेना. कारण साधं होतं: टर्मिनलमध्ये 'एको' आज्ञेने हॅश बनवला की शेवटी नव्या ओळीचं अदृश्य चिन्ह जोडलं जातं, आणि हॅश वेगळ्याच मजकुराचा होतो. 'एन' हा पर्याय दिला की ते चिन्ह जोडलं जात नाही. '१२३४५६' चा एमडी५ (एका जुन्या, वेगवान पद्धतीचा हॅश) ई-१-०-ए-डी-सी असा सुरू झाला तर आपली पद्धत बरोबर आहे.

दुसरी अडचण बीक्रिप्टची, म्हणजे मुद्दाम मंद ठेवलेल्या हॅश-पद्धतीची. त्याच्या हॅशमध्ये डॉलरची चिन्हं असतात. हॅश थेट आज्ञेत, दुहेरी अवतरणात लिहिला तर शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्यांना चलाचं नाव समजतं आणि हॅश अर्धवट पोहोचतो. हॅश नेहमी फाइलमध्ये ठेवावा. 'टोकन लेंथ एक्सेप्शन' असा संदेश आला तर बहुतेक वेळा हॅशच्या प्रकाराचा क्रमांक चुकलेला असतो (एमडी५ साठी ०, विंडोजच्या एनटीएलएमसाठी १०००, बीक्रिप्टसाठी ३२००), किंवा ओळीच्या सुरुवातीला वापरकर्त्याचं नाव असूनही तसं साधनाला सांगितलेलं नसतं.

आता शब्दयादी, म्हणजे एकेक करून आजमावायच्या पासवर्डांची यादी. सुरुवातीला बहुतेक जण 'रॉकयू' घेतात. २००९ मध्ये रॉकयू याच नावाच्या कंपनीची ३ कोटी २० लाखांहून अधिक खाती फुटली, आणि पासवर्ड हॅश न करता जसेच्या तसे साठवलेले होते. पुनरावृत्ती काढून उरलेले सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्ड म्हणजे ही यादी. शब्दकोशात शब्द असतात. या यादीत लोकांनी खरोखर निवडलेले पासवर्ड आहेत. म्हणूनच ती इतकी घातक आहे.

वेगाच्या हिशोबासाठी मी आरटीएक्स ४०९० या एका ग्राफिक्स कार्डाचे आकडे धरले. एमडी५ असेल तर सेकंदाला सुमारे १६४ अब्ज प्रयत्न. म्हणजे यादी डोळ्याची पापणी लवण्याआधी संपते. मग पाळी येते यादीतल्या शब्दांना शेपूट जोडण्याची. 'मान्सून@२०२४' हा रोमन लिपीत लिहिला की मोठं अक्षर, लहान अक्षरं, चिन्ह, आकडे सगळं आहे, पट्टी हिरवी होते. पण प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून पुढे एक चिन्ह आणि चार आकडे लावायचे तर शेपटं होतात ३ लाख ३० हजार. त्यांना १ कोटी ४३ लाखांनी गुणलं तरी पूर्ण वेगाने अर्धं मिनिटही लागत नाही. 'एक मोठं अक्षर, एक चिन्ह, एक आकडा' या सक्तीने लोक नेमकी हीच घडण निवडतात, आणि ती घडण फोडणाऱ्याला पाठ असते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ही सक्ती आणि ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावणं, दोन्ही नको म्हटलं; फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा असं सांगितलं. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

आता तोच प्रयोग बीक्रिप्टवर. कॉस्ट (एका हॅशला किती काम लागेल ते ठरवणारा आकडा) ५ ला हे कार्ड सेकंदाला सुमारे १ लाख ८४ हजार प्रयत्न करतं. कॉस्ट एकाने वाढली की काम दुप्पट, त्यामुळे १२ ला वेग १२८ पटीने घटून साधारण १,४०० वर येतो. ऐकायला दिलासा वाटतो. पण अख्खी रॉकयू यादी एका हॅशवर चालवायला तरीही पावणेतीन तासच लागतात. मंद हॅश यादीतल्या पासवर्डाला वाचवत नाही. तो फक्त वेळ मागून घेतो. सॉल्टमुळे (प्रत्येक पासवर्डाच्या हॅशमध्ये मिसळलेल्या वेगळ्या यादृच्छिक मजकुरामुळे) प्रत्येक खात्यावर हे काम नव्याने करावं लागतं, हा फायदा मोठा आहे, पण ज्याच्या एकाच खात्यावर डोळा आहे त्याला तो नडत नाही.

यादीत नसलेल्या पासवर्डाचं गणित वेगळं. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून यंत्राने यादृच्छिक निवडलेली ८ चिन्हं एमडी५ वर अकरा-साडेअकरा तासांत संपतात. १२ चिन्हांना लाखभर वर्षं लागतात. पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून शब्द काढले तर चार शब्द सव्वासहा तासांत जातात, म्हणजे ८ यादृच्छिक चिन्हांपेक्षाही आधी. सहा शब्द ४० हजार वर्षांहून जास्त टिकतात. लांबलचक वाटतो म्हणून चार शब्दांवर थांबू नका. आणि शब्द फाशांनीच निवडा. मनाने निवडलेल्या शब्दांना हा हिशोब लागूच होत नाही.

देवनागरीत वाक्य ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट वाचतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'कोऱ्या' हा छोटा शब्दच १८ बाइट खातो, म्हणजे अशा चार शब्दांत जागा संपते. काही प्रणाली तिथे चूक दाखवतात, काही गुपचूप शेपूट कापतात. खात्रीसाठी शेवटचा शब्द मुद्दाम बदलून लॉगिन करून बघावं. आत गेलात तर तो शब्द मोजलाच जात नाही. दुसरं, 'ऱ' एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला सारखं, बाइट वेगळे. प्रणाली ते आधी एकरूप करून घेत नसेल तर फोनवर ठेवलेला पासवर्ड संगणकावर चालणार नाही.

काम संपल्यावर विसरू नये अशी एक फाइल राहते. हॅशकॅट सापडलेले पासवर्ड पॉटफाइलमध्ये उघड अक्षरांत लिहून ठेवतं, आणि पुढच्या वेळी तेच हॅश दिले तर 'आधीच सापडले' म्हणून ते वगळतं. परवानगी घेऊन केलेल्या तपासणीत अहवालात पासवर्ड लिहू नयेत. कोणतं खातं कोणत्या टप्प्यावर फुटलं एवढंच द्यावं, आणि पॉटफाइल त्याच दिवशी पुसावी.