पशुविज्ञानातील पदव्युत्तर संशोधन: प्रयोगाचे एकक शिकताना

पशुवैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसाला समोरच्या एका जनावराचा विचार करण्याची सवय असते. गाय खात नसेल तर ताप पाहायचा, डाव्या भकाळीवर मूठ ठेवून कोटीपोटाची, म्हणजे सूक्ष्मजीव चारा आंबवतात त्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची, हालचाल मोजायची, निदान करायचे आणि ती गाय बरी झाली की काम संपले. पशुआहारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेताना मला या सवयीच्या जोडीला दुसरी सवय लावून घ्यावी लागली. एका जनावरात जे दिसले ते इतरांतही दिसेल असे कोणत्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न प्रत्येक निरीक्षणाला विचारण्याची ती सवय. माझ्या मते पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा गाभा हाच आहे. बाकीचे विषय पुस्तकातून कधीही भरून काढता येतात.

पहिल्या सत्रात पशुआहार, सूक्ष्मजीवशास्त्र, संशोधन पद्धती आणि जैवसांख्यिकी असे विषय होते. सगळ्यात जास्त वेळ घेतला तो जैवसांख्यिकीने, आणि त्यातही ‘प्रायोगिक एकक’, म्हणजे ज्याला प्रयोगातला आहार स्वतंत्रपणे दिला जातो तो सर्वांत लहान घटक, या एका संकल्पनेने. समजा 24 वासरे 4 कप्प्यांत विभागली, दोन कप्प्यांना नेहमीचे खाद्य दिले आणि दोन कप्प्यांना नवे. प्रथमदर्शनी प्रत्येक गटात 12 वासरे दिसतात. पण खाद्य कप्प्याच्या सामाईक गव्हाणीत टाकले जाते, त्यामुळे प्रत्येक गटात एकके फक्त 2 असतात. एका कप्प्यातील वासरे एकमेकांना ढकलून खातात, एकाला हगवण लागली तर शेजारच्यालाही लागते, आणि म्हणून त्यांची वजने परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसंस्थाशास्त्रातील प्रयोगांबद्दल लिहिताना, अशा प्रत्येक वासराला वेगळे एकक मोजण्यासारख्या चुकीला ‘आभासी पुनरावृत्ती’ अशा अर्थाचे नाव दिले. पशुविज्ञानालाही ते तंतोतंत लागू पडते. ही संकल्पना नीट समजल्यावर शोधनिबंध वाचण्याची माझी रीतच बदलली. आमच्या साप्ताहिक चर्चेत निबंध मांडताना मी निष्कर्षाआधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वाचू लागलो, आणि जनावरे कशी बांधली होती व खाद्य कोणाला, कसे दिले गेले, एवढ्यावरूनच पुढच्या तक्त्यांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरू लागले.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटली. माझे काम प्रक्रिया केलेल्या वैरणीच्या पचनीयतेवर होते आणि त्यासाठी मेंके व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडलेली वायूमापन पद्धत, म्हणजे वैरण आंबताना किती वायू तयार होतो यावरून पचनीयता अजमावण्याची पद्धत, वापरायची होती. सकाळचा चारा घालण्याआधी, कोटीपोटाला कायमस्वरूपी फिस्टुला (बाहेरून उघडता येणारे छिद्र) बसवलेल्या गायींकडून द्रव घ्यायचा, आधीच गरम करून ठेवलेल्या थर्मासमध्ये भरून लगेच प्रयोगशाळेत आणायचा आणि मलमलच्या कापडातून गाळायचा. त्यातील सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून भांड्यात सतत कार्बन डायऑक्साइड सोडत राहावे लागते. काचेच्या 100 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम दळलेली वैरण आधीच तोलून ठेवलेली असते. दट्ट्याला व्हॅसलिनचा अगदी पातळ थर लावायचा, कारण थर जाड झाला तर दट्ट्या अडखळतो आणि कोरडा राहिला तर वायू गळतो. मग द्रव आणि बफरचे (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचे) 30 मिलिलिटर मिश्रण भरायचे, बुडबुडा बाहेर काढायचा, चिमटा बंद करायचा आणि सिरिंज 39 अंश सेल्सिअसला ठेवायची. काही तासांत दट्ट्या स्वतःहून वर सरकू लागतो. गाईच्या पोटात चाललेली क्रिया काचेवरच्या रेषांवर अशी वाचता येते, याचा आनंद मला शेवटच्या फेरीपर्यंत वाटत राहिला.

प्रत्येक फेरीत वैरण न घातलेल्या काही सिरिंजही ठेवाव्या लागतात, कारण द्रवातील उरलेल्या चाऱ्यापासूनही वायू तयार होतो आणि तो वजा करावा लागतो. एकाच नमुन्याच्या तीन सिरिंजमधील आकडे जवळजवळ सारखे आले की हुरूप येतो. पण तो सारखेपणा फक्त हाताच्या सफाईचा पुरावा असतो. त्या तीन सिरिंज मिळून एकच निरीक्षण होते. खरी पुनरावृत्ती म्हणजे दुसऱ्या दिवशी नव्याने घेतलेल्या द्रवावर केलेली फेरी. यामुळे काम कित्येक आठवड्यांनी लांबले, तरी माझ्या गाईडनी या बाबतीत सवलत दिली नाही आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गायींवरील प्रत्यक्ष चाचणीसाठी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. अनेक विद्यार्थी त्या अर्जाकडे कागदी सोपस्कार म्हणून पाहतात, ते मला पटत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधणे, जनावरांची संख्या घटवणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, ही तिथे प्रत्येक ओळीत तपासली जातात. संख्या घटवायची म्हणजे वाटेल तितकी कमी करायची असे नाही. इतकी कमी जनावरे घेतली की खरा फरक असूनही तो दिसणार नाही, तर त्या जनावरांना दिलेला त्रास वाया जातो. म्हणून आधीच्या अभ्यासांतील प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) घेऊन नमुनासंख्या काढावी लागते, आणि त्यासाठी किती फरक महत्त्वाचा मानायचा हे प्रयोगाआधीच लिहून द्यावे लागते. हा आकडा ठरवताना मला माझ्या विषयाचा जितका खोल विचार करावा लागला तितका कोणत्याही परीक्षेसाठी करावा लागला नव्हता.

चाचणीची मांडणी लॅटिन चौरसाची होती: चार गायी, चार आहार, चार कालखंड, प्रत्येक गाईला प्रत्येक आहार एकदा. गायी-गायींमधला फरक यात वेगळा काढता येतो. मात्र आधीच्या आहाराचा प्रभाव पुढच्या कालखंडात शिरू नये म्हणून मोजणीआधी कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना नव्या आहाराशी जुळवून घ्यायला पुरेसे दिवस द्यावेच लागतात.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी सिरिंजच्या दोन फेऱ्यांतील तफावतीबद्दल बराच वेळ विचारले. फेरीनिहाय आकडे प्रबंधात वेगळ्या तक्त्यात दिलेले असल्यामुळे उत्तर देणे सोपे गेले. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. सारांशात ‘ही प्रक्रिया केलेली वैरण गायींसाठी अधिक उपयुक्त आहे’ असे वाक्य होते. त्या जागी ‘या चार गायींमध्ये, या आहारांवर, तंतुमय भागाची पचनीयता वाढली’ असे लिहून मी अंतिम प्रत सादर केली.